पेटी आणि तिचे परदेशी भावंड
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या भुकूमच्या भजनात आबा पेटी वाजवतात. आबांना अक्षरओळख नाही. पण गाणाऱ्याने 'काळी एक' म्हटले की त्यांचे बोट नेमके त्या पट्टीवर जाते. गेल्या दिवाळीत मी त्यांना मोबाइलवर पोल्का आणि वॉल्ट्झ या युरोपीय नृत्यसंगीताचा एक संग्रह ऐकवला. वाद्य होते बटणांचे अकॉर्डियन. आबा चटकन म्हणाले, "अरं, ही तर आपलीच पेटी!" हे म्हणणे कितपत खरे, ते पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम घडण पाहू. दोन्ही वाद्यांत भात्याची हवा धातूच्या पातळ जिभेला थरथरवते आणि त्यातून सूर निघतो. अकॉर्डियनचे पेटंट सिरिल डेमियन याने 1829 साली व्हिएन्नात घेतले. हार्मोनियम 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये घडली. म्हणजे दोन्ही एकाच घराण्यातली. आबांचा कान चुकला नव्हता.

फरक आहे तो हातांच्या कामात. अकॉर्डियन गळ्यात अडकवून उभ्याने वाजवतात. उजवा हात चाल वाजवतो. डावा हात भाता ओढता-ओढताच खर्जाचे सूर आणि स्वरमेळ देतो. वॉल्ट्झमध्ये तीन ठोके असतात: पहिल्यावर खर्ज, पुढच्या दोहोंवर स्वरमेळ. पोल्का दोन ठोक्यांची आणि उडती. बटणांच्या कित्येक अकॉर्डियनमध्ये एकच बटण भाता उघडताना एक सूर देते व मिटताना दुसरा. त्यामुळे भात्याच्या झटक्यातूनच नाचाचा ठेका उमटतो.

आपल्याकडे आलेली हार्मोनियम आधी पायाने हवा भरण्याची होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हातपेटी घडवली आणि हे वाद्य मांडी घालून बसले. एक हात भात्याला गेला. चालीसाठी एकच उरला. पण आपल्या संगीताला स्वरमेळ नको होता, एकच सलग चाल हवी होती. आणि ठेका धरायला तबला, पखवाज होतेच. जे युरोपात उणे ठरले असते, तेच येथे सोयीचे ठरले.

तरी पेटीला सहजासहजी मान मिळाला नाही. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर ठरीव, असा आक्षेप होता. आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली. ती 1971 मध्ये अंशतः उठली. याच वाद्यावर गोविंदराव टेंबे यांनी नाव मिळवले होते आणि 1911 च्या 'संगीत मानापमान'ला चाली दिल्या होत्या. आणि ज्या पेटीला परकी म्हटले, तिच्याच पट्ट्यांवरून आज गवयी आपला स्वर सांगतो! भाषेने तिला केव्हाच घरात घेतले होते.

अकॉर्डियनचे मात्र तसे झाले नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गुडी सिरवई, केरसी लॉर्ड यांनी ते गाजवले. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांनी चित्रपटगीतांच्या धून त्यावर वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या. परंतु ते भजनात बसले नाही. माझ्या मते त्याचे कारण परकेपणा नव्हे. पेटीही परकीच होती. अकॉर्डियन एकट्यानेच सगळे वाजवते, तर भजन ही अनेकांनी मिळून करायची गोष्ट आहे.

हे सारे वाचून झाल्यावर मला एक संकोच वाटत होता. पेटी पॅरिसची, हे आबांना कसे सांगावे? घरात पुस्तक उघडणारा मी पहिला. आणि पुस्तकातून आणले ते हेच? अखेर सांगितले. आबांना पॅरिसचे काहीच वाटले नाही. डाव्या हाताचे काम मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि म्हणाले, "म्हंजी तबलजी घरीच बसायचा की! मग गंमत कसली?"

माझा सगळा लेख त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला होता.