साखळीतील दुवा सोडवताना : लिनक्स कर्नलमधील एक धडा

अँड्रॉइड मोबाइल आज घरोघरी आहे. त्याच्या मुळाशी लिनक्सचे कर्नल असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली या कामास आरंभ केला. साध्या प्रोग्रॅममधील चुकीने बहुधा तो एकटाच बंद पडतो; कर्नलमधील चुकीने संपूर्ण यंत्र ठप्प होऊ शकते. म्हणून तेथील स्मृतीचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

कर्नल आपल्या अनेक नोंदी साखळी-यादीत ठेवते. तेथील प्रत्येक दुव्यात मागच्या व पुढच्या दुव्याचा पत्ता असतो. समजा, एका प्रवाशाला यवतमाळला दारव्ह्याचा, दारव्ह्याला दिग्रसचा आणि दिग्रसला पुसदचा पत्ता मिळतो. दारव्ह्याची चिठ्ठी वाचण्यापूर्वीच फाडली, तर पुसद जागेवर असूनही त्याच्यासाठी हरवते.

दुवा काढून 'केफ्री' या आज्ञेने त्याची स्मृती परत केली, की ती जागा दुसऱ्या कामाला दिली जाऊ शकते. त्यानंतर जुना पत्ता वाचणे म्हणजे परक्याच्या घरात शिरणे होय. हा दोष लगेच दिसेलच असे नाही. घुसखोर मात्र त्याचा लाभ घेतात.

म्हणून क्रम असा असावा :

१. पुढचा पत्ता आधी वेगळा टिपून ठेवावा. 'लिस्ट_फॉर_ईच_एन्ट्री_सेफ' ही रचना हेच करते.
२. 'लिस्ट_डेल'ने दुवा सोडवून शेजारचे दोन्ही दुवे जोडावेत.
३. मगच स्मृती मुक्त करावी.

तथापि 'सेफ' या शब्दाने निर्धास्त होऊ नये. आपल्याच फेरीत चालू दुवा काढला, तेवढ्यापुरतेच हे संरक्षण आहे. टिपलेला पुढचा दुवाच दुसऱ्या प्रोसेसरने काढला, तर तो पत्ता फसवा ठरतो. त्यासाठी यादीला कुलूप, म्हणजे लॉक, लावावे लागते.

वाचणारे पुष्कळ व बदलणारे थोडे असतील, तेथे २००२ साली लिनक्समध्ये आलेली 'आरसीयू' पद्धत उपयोगी पडते. तीत दुवा आधी यादीतून सुटतो, त्यामुळे नवा वाचक तेथे पोहोचत नाही. त्या दुव्यातील पुढचा पत्ता मात्र कायम ठेवतात, कारण आत असलेला वाचक त्याच आधाराने पुढे जातो. असे सर्व वाचक बाहेर पडल्यावरच स्मृती मुक्त होते.

विद्यार्थिमित्रांनो, लिनक्सची संहिता सर्वांना विनामूल्य वाचता येते. ती उघडून पाहा. आणि 'केफ्री' दिसेल तेथे थांबून विचारा : या दुव्याच्या आधाराने अजून कोणी उभे तर नाही ना?