हॅरी पॉटर, जादू आणि पोरकी मुले



धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांचे पालक एक प्रश्न वरचेवर विचारतात : "फादर, मुलांनी हॅरी पॉटर वाचले तर चालेल का? त्यात जादू आहे ना!" प्रश्न रास्त आहे. एका 'हो' किंवा 'नाही'ने तो सुटणारा नाही. म्हणून आज त्यावर जरा शांतपणे विचार करूया.

गोष्ट काय आहे?

जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेच्या सात पुस्तकांची ही मालिका आहे. पहिले पुस्तक १९९७ साली आले, सातवे २००७ साली. मराठीतही अनुवाद झाला आहे. हॅरी वर्षाचा असताना त्याच्या आईवडिलांची हत्या होते. तो मावशीकडे वाढतो. तिथे त्याला जिन्याखालच्या कपाटात झोपावे लागते. मावसभावाचे लाड होतात, हॅरीला त्याचे जुने कपडे मिळतात. अकराव्या वाढदिवशी त्याला कळते की आपण जादूगार आहोत, आणि तो जादूच्या शाळेत दाखल होतो.

नायक पोरका असणे ही बालसाहित्यातली जुनी रीत आहे. आईबाप जवळ असले की संकटात तेच धावून येतात; ते नसले की मुलाला स्वतः निर्णय घ्यावा लागतो. पण त्यामागे लेखकांचे खरे दुःखही असते. रोलिंगबाईंनी १९९० साली लेखन सुरू केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची आई वारली. 'द हॉबिट' लिहिणारे टोल्कीन तर स्वतः पोरके होते. चार वर्षांचे असताना वडील गेले, बाराव्या वर्षी, १९०४ साली, आई गेली. आई कॅथोलिक झाली म्हणून नातेवाइकांनी तिची मदत तोडली होती. तिच्या पश्चात दोन्ही मुलांचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूने स्वीकारले. अद्भुत कथांचा हा मोठा लेखक एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली वाढला आणि अखेरपर्यंत श्रद्धावंत कॅथोलिक राहिला.

जादू : पाप कोणते, कल्पना कोणती?

बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात जादूटोणा, शकुन पाहणे, मृतांना बोलावणे यांना स्पष्ट मनाई आहे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही कलम २११६ व २११७ मध्ये तेच शिकवतो. यामागचे कारण समजून घ्यायला हवे. प्रार्थना करणारा माणूस देवापुढे हात पसरतो आणि त्याची इच्छा मान्य करतो. जादूटोणा करणाऱ्याला मात्र अदृश्य शक्ती आपल्या मुठीत हवी असते. प्रेषितांच्या कृत्यांमधला शिमोन जादूगार पवित्र आत्म्याची देणगी पैसे देऊन विकत घ्यायला निघाला होता. त्याचे पाप हेच होते.

कथेतली जादू वेगळी असते. पंचतंत्रातले प्राणी बोलतात म्हणून मूल बैलाशी गप्पा मारायला जात नाही. हॅरीच्या जगातली जादू ही त्या कल्पित जगाच्या नियमांसारखी आहे. कुणी सैतानाची उपासना करून ती मिळवत नाही. ज्याला ते जमते तो जन्मतःच तसा असतो. तेव्हा पालकांनी पाहायचे ते हे : माझे मूल गोष्ट गोष्ट म्हणून वाचते आहे, की त्याला खरोखरच्या मंत्रतंत्रांची ओढ लागली आहे?

पुस्तक काय शिकवते?

या कथेतली जादू मेलेल्याला परत आणू शकत नाही. पहिल्या पुस्तकात एक आरसा आहे, त्यात आपल्या मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. हॅरीला त्यात आईवडील दिसतात. तो रोज त्यापुढे जाऊन बसू लागतो, तेव्हा मुख्याध्यापक त्याला सावध करतात. गेलेल्यांवर प्रेम करावे, पण जगणे सोडू नये, हा त्याचा अर्थ.

दुसरे असे की, कथेतला खलनायक वोल्डेमॉर्टही पोरकाच आहे; तो अनाथाश्रमात वाढला. दुःख दोघांच्याही वाट्याला आले. एकाने मरण टाळण्यासाठी इतरांचे जीव घेतले, दुसरा इतरांना वाचवण्यासाठी स्वतः मरणाला सामोरा गेला. परिस्थिती माणसावर परिणाम करते, पण त्याची इच्छाशक्ती हिरावून घेत नाही. हॅरी लहानपणी वाचतो तोही मंत्राने नव्हे, तर आईने त्याच्यासाठी प्राण दिला म्हणून. ख्रिस्ती वाचकाला इथे क्रूसाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

दोषही आहेत. मुले खोटे बोलतात, नियम मोडतात आणि कधी कधी बक्षीसही मिळवतात. ज्या तीन शापांना कथेतच अक्षम्य म्हटले आहे, त्यांतले शाप सातव्या पुस्तकात हॅरी स्वतः वापरतो आणि त्याला फारसा जाब द्यावा लागत नाही. चौथ्या पुस्तकापासून मृत्यू व क्रौर्य वाढत जाते. ते आठ वर्षांच्या मुलासाठी नाही.

ख्रिस्तसभेने या पुस्तकांवर बंदी घातलेली नाही. मतभेद मात्र झाले. २००३ साली कार्डिनल रॅटझिंगर यांनी एका जर्मन टीकाकार लेखिकेला पत्र लिहून तिच्या कामाचे स्वागत केले होते. २००८ साली व्हॅटिकनच्या दैनिकाने बाजूचा व विरोधाचा असे दोन लेख शेजारी छापले. म्हणजे निर्णय घरच्या विवेकावर सोडला आहे.

आता आपल्याकडे पाहूया

पुस्तकातल्या जादूला घाबरणारी काही घरे बाळाची नजर उतरवतात, दाराला लिंबू-मिरची बांधतात, आजारपणात गुपचूप भगताकडे जातात. अनुवादाच्या त्या अध्यायातली मनाई याला लागू होते. मुलाच्या हातून गोष्टीचे पुस्तक काढून घ्यायचे आणि त्याच्या दंडाला गंडा बांधायचा, यातून मूल काय शिकेल? महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण पहिल्या आज्ञेपुढे तो नवीनच म्हणायचा.

आणखी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. जिन्याखालचे कपाट इंग्लंडमध्येच असते असे नाही. भाऊ-भावजय वारल्यावर काकाकडे आलेले मूल, मावशीकडे शिकायला ठेवलेली मुलगी आपल्या आळीतही असते. ताटात शेवटी कोणाला वाढले जाते? नवे कपडे फक्त कोणाला? अनाथांची व विधवांची काळजी घेणे हाच निर्मळ धर्म, असे संत याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो. हॅरीसाठी डोळे ओले करणाऱ्या मुलाला शेजारचे पोरके मूल दिसू लागले, तर ते वाचन वाया गेले असे मी म्हणणार नाही.

पालकांसाठी

१. पुस्तक आधी स्वतः वाचा, निदान मुलासोबत वाचा.
२. पहिली तीन पुस्तके साधारण दहा-अकरा वर्षांनंतर, पुढची त्याहून मोठेपणी द्यावीत.
३. भीती वाटणाऱ्या किंवा मंत्रतंत्राकडे वळणाऱ्या मुलाला ती तूर्त देऊ नयेत.

घरी व लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. हॅरी आणि वोल्डेमॉर्ट, दोघेही पोरके. फरक कशामुळे पडला?
२. मी प्रार्थना करतो तेव्हा देवाचे ऐकतो, की त्याला माझ्या मनासारखे करायला लावू पाहतो?
३. आपल्या आळीत आईवडिलांवाचून वाढणारे मूल कोण? या आठवड्यात त्याच्यासाठी आपण काय करणार?

प्रभू तुमच्या घरांना व मुलांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू