पंगत सीन नदीवरची

१. नदीत बसून जेवायचं म्हटलं की सांगलीच्या माणसाला आधी पाण्याची पातळी आठवते. पॅरिसला लेकीने सीन नदीवरच्या बोटीत आमचं रात्रीचं जेवण ठरवलं होतं. काचेचं छत, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, कोपऱ्यात पियानो. आणि मी लाइफ जॅकेटं कुठे ठेवलीत ते शोधतेय! २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली बोट उलटली. ते दिवस काढलेल्याला बोट म्हणजे मौज हे पटायला वेळ लागतो. वेटरला माझी नजर कळली असावी. त्याने हसून जागा दाखवली, तेव्हा कुठे मी नॅपकिन उलगडला.

२. पुराची धास्ती असलेलं शहर मला लगेच आपलंसं वाटतं. आल्मा पुलाच्या खांबाशी एका सैनिकाचा दगडी पुतळा आहे, झुआव्ह त्याचं नाव. पुराचं पाणी पॅरिसकर त्याच्या अंगावर मोजतात. पावलांना लागलं, मांडीपर्यंत आलं, असं. १९१०च्या महापुरात ते त्याच्या खांद्यापर्यंत चढलं होतं. आपण नाही का पावसाळ्यात भाजीवाल्यालासुद्धा "आयर्विनला किती?" विचारत! माझं माहेर वाईचं. तिथल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची पाठ माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. ते देऊळ १७६२चं. आयफेल टॉवर पाहून मी हरखले होते, पण या झुआव्हला मात्र मनातल्या मनात नमस्कार केला.

३. काचेच्या बोटीतून पॅरिसपेक्षा स्वतःचंच दर्शन जास्त घडतं. आत दिवे, बाहेर अंधार. त्यामुळे नोत्र दामच्या मनोऱ्यांवर माझाच घास घेतानाचा चेहरा. त्यात मुख्य पदार्थ नेमका तेव्हाच आला. ताटाकडे बघावं की खिडकीकडे?

४. सावकाश जेवणं अवघड असतं, हे मला माहीतच नव्हतं. वाईत माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, एकेका घाटावर पाळीपाळीने. नदीकाठच्या त्या पंगतीत मी लहानाची मोठी झाले. तिथे वाढपी पुढे सरकायच्या आत पान रिकामं हवं, कारण मागे पुढची पंगत ताटकळत असते. इथे सूप गेल्यावर बराच वेळ काहीच येईना. यांनी पावाची टोपली संपवली. मी काट्यांची जुळवाजुळव केली. मग नाइलाजाने बोलायला लागलो. गॅस, हप्ते, गुडघे हे विषय लवकरच आटोपले. त्यानंतर कळलं की कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत यांनी लग्नाआधी सांगलीवाडीच्या पोरांबरोबर वल्हं मारलं होतं. इतका संसार झाला, पण हे कधी निघालंच नव्हतं. बक्षीस मिळालं का, विचारलं तर म्हणाले, "होडीच कलंडली." आणि मी मघाशी जॅकेटं शोधत होते तेव्हा हा माणूस शांतपणे मेनू वाचत बसला होता.

५. पहिल्या पंगतीला बसायची सवय नसते आपल्याला. मी रिकाम्या बश्या एकात एक रचून ठेवत होते, वेटर त्या नम्रपणे पुन्हा सुट्या करून नेत होता. लेक म्हणाली, "आई, हात मांडीवर ठेव." ठेवले. मग त्या हातांचं काय करायचं ते कळेना.

६. थोडा हेवा वाटला, तो जेवणाचा नव्हे. सीनमध्ये पोहायला १९२३पासून बंदी होती. ऑलिंपिकच्या निमित्ताने त्यांनी नदीच्या सफाईवर प्रचंड पैसा ओतला आणि २०२५च्या जुलैत ठरावीक ठिकाणी लोकांना पाण्यात उतरू दिलं. आमचा प्रवास उलटा. मी वाईच्या घाटावर पोहायला शिकले, आणि आता सांगलीच्या घाटावर नातवाला पायही बुडवू देत नाही. मळीचं पाणी, मेलेले मासे यांच्या बातम्या दरवर्षी येतात, आपण चुकचुकतो आणि पान उलटतो.

कॉफी आली तेव्हा लेकीने विचारलं, "बाबा, अशी बोट सांगलीत चालेल का हो?"

यांनी कप खाली ठेवला. "चालेल की. उन्हाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं तर."