किरणं दुधातून आली

मुक्ता : मावशी, चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात १९८६ चा. त्यानं लोक इतक्या वर्षांनीही आजारी पडतात, हे खरं का?

मावशी : खरं आहे, पण सरसकट नाही. त्या रात्री अणुभट्टीवर असलेल्या कामगारांची आणि अग्निशमनाच्या जवानांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या १३४ जणांना तीव्र किरणबाधा झाली, २८ जण काही महिन्यांतच गेले. दूरगामी परिणाम सगळ्यांत ठळक दिसला तो मुलांत, थायरॉइडच्या कर्करोगाच्या रूपानं.

मुक्ता : थायरॉइडच का?

मावशी : या ग्रंथीला आयोडीन लागतं, आणि साधं कुठलं, किरणोत्सारी कुठलं, हे तिला कळत नाही. स्फोटातलं आयोडीन-१३१ गवतावर बसलं, गाईंच्या पोटात गेलं, दुधात उतरलं. मुलं दूध जास्त पितात, आणि त्यांची ग्रंथी असते एवढीशी. त्यामुळे तिला मोठ्यांच्या कितीतरी पट मात्रा बसली. त्यात तिथल्या खेड्यांत जेवणातच आयोडीन कमी. मग मिळेल ते तिनं ओढून घेतलं.

मुक्ता : टाळता आलं नसतं?

मावशी : बरंचसं आलं असतं. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. अडीच-तीन महिन्यांत जवळजवळ संपतं. तेवढे दिवस ताजं दूध बंद ठेवायचं. पोलंडनं तर काही दिवसांतच एक कोटीवर मुलांना साध्या आयोडीनचा डोस पाजला. ग्रंथी आधीच भरली की किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. सोव्हिएत खेड्यांत मात्र दूध चालूच राहिलं.

मुक्ता : मग किती मुलांना भोगावं लागलं?

मावशी : तेव्हा अठराच्या आत असलेल्यांत २०१५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सुमारे १९,००० रुग्ण नोंदले गेले. त्यांतले साधारण पाव हिस्सा किरणांमुळे, असा संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचा अंदाज. बाकीच्यांत वाढतं वय आणि वाढलेल्या तपासण्यांचाही वाटा आहे. बहुतेक जण उपचारांनी बरे झाले, पण जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या.

मुक्ता : आणि पुढच्या पिढीत व्यंग?

मावशी : अपघातानंतर साफसफाईला गेलेल्यांत रक्ताचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढल्याचं दिसलं. पण बाधितांच्या मुलांची जनुकं २०२१ मध्ये तपासली, तेव्हा जास्तीचे नवे बदल सापडले नाहीत. पण १९८६ साली पार ग्रीसमध्ये बायकांनी व्यंगाच्या धास्तीनं गर्भपात करून घेतले होते. घरंदारं सुटलेल्यांच्या मनावरचा ताण तर अनेक वर्षं राहिला.

मुक्ता : मग अशा अपघाताच्या भीतीनं घरात आयोडीनच्या गोळ्या ठेवाव्यात?

मावशी : ठेवल्या तरी मनानं घ्यायच्या नाहीत, प्रशासन सांगेल तेव्हाच. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी झुंबड उडाली होती. अगं, एका गोळीइतकं आयोडीन मिळवायला काही किलो मीठ खावं लागेल! अशी वेळ आलीच, तर दारं-खिडक्या लावून घरात थांब, सरकारी सूचना ऐक, आणि मुलांना आसपासचं ताजं दूध देऊ नकोस.