क्षमा म्हणजे सोडणे



प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज क्षमा मागतो आणि इतरांना क्षमा करतो असेही म्हणतो. मत्तयच्या शुभवर्तमानात (6:12) येथे 'अफिएमी' हे ग्रीक क्रियापद आले आहे. त्याचा साधा अर्थ सोडणे, जाऊ देणे. सोडायचे काय, तर ऋण. कारण आपण ज्याला 'अपराध' म्हणतो, त्या जागी मत्तयने 'देणे' या अर्थाचा शब्द वापरला आहे.

हे क्रियापद रोजच्या व्यवहारातले आहे. पेत्र व आंद्रेया जाळी सोडून येशूमागे गेले (मार्क 1:18). पेत्राच्या सासूला तापाने सोडले (मार्क 1:31). शोमरोनी स्त्री घागर तिथेच सोडून गावात गेली (योहान 4:28). क्रुसावर येशूने प्राण सोडला (मत्तय 27:50). या सर्व ठिकाणी हेच क्रियापद आहे. त्यापासून बनलेले 'आफेसिस' हे नाम जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात योबेल वर्षातील सुटकेसाठी येते (लेवीय 25:10). त्या वर्षी गुलाम मुक्त होत आणि विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाई.

सोडण्याच्या उलट धरणे. त्यासाठी ग्रीक शब्द आहे 'क्रातेओ'. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना पापांविषयी अधिकार दिला तेव्हा हे दोन्ही शब्द एकत्र आले (योहान 20:23). निर्दय सेवकाच्या दाखल्यातही ते जवळजवळ आहेत (मत्तय 18:27-28). राजाने सेवकाचे दहा हजार तलांतांचे कर्ज सोडले. एक तलांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे कर्ज 6 कोटी दिवसांच्या मजुरीएवढे! तोच सेवक बाहेर पडला आणि 100 दिनारांसाठी त्याने सोबत्याला धरले, त्याचा गळा आवळला. 100 दिनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे, तीन-चार महिन्यांची कमाई आहे. आपल्याला झालेली दुखापतही खरीच असते, हे प्रभू नाकारत नाही.

म्हणून क्षमा करणे म्हणजे 'काही झालेच नाही' असे म्हणणे नव्हे. देणे असते म्हणूनच ते सोडता येते. तसेच क्षमा म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसत राहणे किंवा गुन्हा झाकणे नव्हे. सूड घेण्याचा आपला दावा आपण सोडतो, सत्य सोडत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेऊ या. प्रत्येक सोडणे चांगले नसते. गेथशेमानी बागेत शिष्य येशूला सोडून पळाले, तिथेही मार्कने हेच क्रियापद वापरले आहे (14:50). ज्यांनी जाळी सोडली त्यांनीच प्रभूलाही सोडले. देवाची आज्ञा सोडून माणसांची परंपरा धरून बसणाऱ्यांना येशूने खडसावले, तिथे तर सोडणे व धरणे हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत (मार्क 7:8). तेव्हा काय सोडावे आणि काय धरावे, हे ओळखणे महत्त्वाचे.

आपल्या घराघरांत बांधावरून, वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून अबोले धरलेले असतात. भाऊ एकाच मिस्साला येतात आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. या आठवड्यात प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षणभर थांबू या. आपल्या मुठीत कोणाचे देणे आहे, त्याचे नाव प्रभूसमोर घेऊ या. एकदम सोडता आले नाही, तर निदान पकड सैल करण्याची कृपा मागू या.