जड ट्रेलर ओढणाऱ्या मालमोटारीचे आसप्रमाण

मालमोटारीच्या एंजिनाची गती मागील आसातील दंतचक्रांतून चाकांना मिळते. चाकाचा एक फेरा होण्यास प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे लागतात, त्या संख्येस आसप्रमाण म्हणतात. हे प्रमाण 4 ऐवजी 6 केले, तर एंजिनाचे फेरे व गिअर तेच असता चाकांची ओढ दीडपट होते. परंतु वेग दोनतृतीयांशच उरतो.

चेन्नईतील अण्णा नगर सपाट भूमीवर वसले आहे. समजा, ट्रेलर व माल मिळून 40 टन वजनाची गाडी तेथे संथपणे चालली आहे. रस्त्याचा रोध वजनाच्या शंभरांश धरल्यास 0.4 टन ओढ पुरते. तीच गाडी मुंबई-पुणे मार्गावरील खंडाळ्याच्या घाटात आली आणि 20 मीटर अंतरास 1 मीटर असा चढ लागला, तर आणखी 2 टन ओढ हवी. म्हणजे एकूण ओढ सहापट झाली.

म्हणून केवळ अश्वशक्ती न पाहता मार्गातील सर्वांत कठीण चढावरून आसप्रमाण ठरवावे. ज्या चाकांना एंजिनाची गती मिळते त्यांवर पुरेसा भारही असावा. नाहीतर ती जागच्या जागी फिरतात. उतरताना मोठ्या आसप्रमाणामुळे एंजिनाचा रोध वाढतो आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका घटतो. सदैव सपाटीवर धावणाऱ्या गाडीस मात्र लहान प्रमाणच बरे. त्याने एंजिन कमी फिरते व इंधन वाचते.