पैशाचं पंचांग वाचायला शीक

चि. भाचीस,

सेल्स आणि मार्केटिंगचा अभ्यासक्रम तू निवडलास, याचा मला मनापासून आनंद झाला. पुस्तकातलं तुझे प्राध्यापक शिकवतीलच. ज्या देशात माल विकायचा त्या देशाची कमाई आणि खर्च कसा ओळखायचा, हे मला गावोगाव फिरताना माझ्या वरिष्ठांनी सांगितलं. तेच आता तुझ्या कानावर घालतो. साऱ्याचं सार एवढंच, की गिऱ्हाईक कोण हे विचारण्याआधी त्याच्या हातात पैसा कुठून, केव्हा आणि किती येतो ते विचार.

पैशाची तारीख ओळख

कोल्हापूर-सांगलीकडे शेतकऱ्याच्या घरात पैसा बहुधा दोन वाटांनी येतो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी आणि उसाचं बिल हंगामात. दुधाच्या पैशातून तेल, चहापत्ती, साबण, पोरांच्या वह्या निघतात आणि बऱ्याच घरांत तो पैसा घरच्या बाईच्या हाती असतो. उसाचा पैसा सोसायटीचं कर्ज, घराची स्लॅब, लग्न, मोटारसायकल यांत जातो. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यावी असा कायदा आहे; तरी बिल लांबलं की शोरूममधल्या गाड्या जागच्या हलत नाहीत. साबण मात्र खपतच राहतो. घर एक, पण बाजार दोन. तुझी वस्तू कोणत्या पैशातून घेतली जाते ते कळलं, की जाहिरात कधी करायची आणि बोलायचं कोणाशी हे आपोआप ठरतं.

किराणा दुकानदाराशी ओळख झाली, की त्याला उधारीची वही दाखवायची विनंती कर. कुणाच्या नावापुढे ‘बिलावर’ लिहिलेलं असतं, कुणाच्या पुढे ‘सोयाबीन झाल्यावर’, कुणाच्या पुढे ‘पगारावर’. आकडे कितीही लहान असोत, त्या गावात पैसा कधी फिरणार हे त्या पानावर मांडलेलं असतं. दुकानदार हे सारं तोंडपाठ ठेवून माल भरतो. त्याने एखादी स्कीम नाकारली तर त्याला अडाणी समजू नकोस, कारण विचार.

पैशाबरोबर माणसंही हलतात. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या भागात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. तेवढे महिने त्यांच्या गावात खप उतरतो आणि कारखान्याजवळच्या दुकानांत चढतो. कोकणात गणपतीला चाकरमानी येतात, त्यांच्याबरोबर मुंबईचा पैसा येतो. एकाच राज्याला एकच सणाचा मोसम धरून महिन्याचं टार्गेट वाटणारा माणूस या दोन्ही ठिकाणी चुकतो.

सरासरीच्या आत शीर

2023-24 च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत गावातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च 4,122 रुपये आणि शहरातल्याचा 6,996 रुपये निघाला. हे आकडे पाठ कर, पण तिथे थांबू नकोस. गावात त्या खर्चातला सुमारे 47 टक्के हिस्सा खाण्यापिण्यावर जातो, शहरात सुमारे 40 टक्के. म्हणजे खाद्यतेल आणि डाळ महागली, की उरलेल्या निम्म्यात बाकीच्या साऱ्या वस्तूंची आपापसांत ओढाताण सुरू होते. शाम्पूची बाटली मागणारं गिऱ्हाईक पुडीवर येतं. तुझा स्पर्धक दुसरा शाम्पू आहे असं तुला वाटतं, पण त्या महिन्यात खरा स्पर्धक तेलाचा डबा असतो.

तसंच शेतीचं. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी आहे, पण कामावरच्या दर शंभर माणसांपैकी पंचेचाळीसच्या आसपास माणसं शेतीतच आहेत. शेतीची वाढ अर्ध्या टक्क्याने घटली तर जीडीपीच्या बातमीत ती एका ओळीत संपते, तुझ्या गिऱ्हाइकांच्या घरात मात्र ती वर्षभर राहते.

किंमत खिशाच्या मापाने लाव

रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याची बाटली परवडत नाही असं म्हणणं अर्धवट आहे. त्याच्या हातात एका वेळी तेवढे पैसे नसतात, ही अडचण आहे. कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरला, पुढे त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पूची पुडी खेडोपाडी पोहोचवली. करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये अहमदाबादेत सायकलवरून निरमा विकायला सुरुवात केली, तेव्हा नावाजलेली पावडर तिच्या कितीतरी पट महाग होती. मोठ्या कंपनीला जिथे बाजारच दिसत नव्हता, तिथे कोट्यवधी घरं वडीने कपडे धूत होती. म्हणून ‘इथे मागणी नाही’ असा शेरा लिहिण्याआधी स्वतःला विचार: मागणी नाही, की या मापात आणि या किमतीत मागणी नाही?

पाच आणि दहा रुपयांचे पुडे नीट बघ. कच्चा माल महागला की किंमत तीच राहते आणि वजन उतरतं. निव्वळ वजनाची ओळ लिहून ठेवायची सवय लाव. किमतीच्या छापील आकड्यातून जी महागाई दिसत नाही, ती त्या ओळीत दिसते.

सरकारी निर्णय दुकानापर्यंत नेऊन बघ

1 जुलै 2017 ला जीएसटी आला. त्याआधी परराज्यात थेट माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागे, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत गोदामं ठेवत. कर बदलला आणि गोदाम कुठे असावं हे रस्ता, अंतर आणि मागणी ठरवू लागली. वितरणाचा नकाशा कायद्यानेही आखला जातो, हे कायम ध्यानात ठेव.

अलीकडचा दाखला घे. 3 सप्टेंबर 2025 ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांचा जीएसटी 18 वरून 5 टक्के करायचं ठरलं आणि अंमल 22 सप्टेंबरपासून झाला. मधल्या दिवसांत व्यापारी जुन्या दराचा माल उचलायला कां-कूं करत होते. पाच रुपयांच्या पुड्यावर कर कमी झाला तर हिशेबाने किंमत साडेचार रुपयांच्या आसपास येते, पण काउंटरवर तेवढे सुटे कोण देणार? मग वजन वाढवावं लागतं, नवी वेष्टनं छापावी लागतात. दिल्लीतल्या एका निर्णयाची ही सगळी पायपीट तुला पायरी-पायरीने सांगता आली पाहिजे.

कांद्याचंही तसंच. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी झाली आणि ती मे 2024 मध्ये उठली. शहरातल्या गृहिणीला दिलासा, निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याच्या पट्टीला कात्री. एकाच बातमीने एका ठिकाणी खिसा भरतो, दुसरीकडे रिकामा होतो. लासलगाव भागात विकायला जाणाऱ्याने आपल्या मालाच्या भावाआधी कांद्याचा भाव वाचावा.

उचल म्हणजे विक्री नव्हे

कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल दिला तो प्रायमरी सेल, त्याने दुकानात दिला तो सेकंडरी. गिऱ्हाइकाने पैसे मोजून घरी नेला, तोच खरा खप. वर सांगितलेल्या सप्टेंबरात पहिले दोन आकडे घसरले, म्हणून लोकांनी अंघोळ करणं थांबवलं नव्हतं. उलट महिनाअखेरीस माल ढकलला तर आकडे फुगतात आणि गोदामात डिस्ट्रिब्युटरचं भांडवल अडकतं, एक्स्पायरी जवळ येते, पुढच्या महिन्याची ऑर्डर बुडते. त्या माणसाने घरचं सोनं गहाण ठेवून एजन्सी घेतलेली असू शकते. टार्गेटसाठी त्याला बुडवू नकोस. अर्थव्यवस्था समजून घेण्याचा पहिला उपयोग हाच, की जो माल खपणार नाही तो कोणाच्या गळ्यात मारायचा नाही, हे तुला आधीच कळावं.

कामाला लाग

दर महिन्याच्या 12 तारखेच्या आसपास महागाईचा आकडा येतो, दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, तीन महिन्यांनी जीडीपी. ते वाच. सोबत एक तालुका निवड आणि एकच वस्तू घे. आठवडी बाजार, मार्केट यार्ड आणि तीन दुकानं वर्षभर बघत राहा. पाऊस, पिकाचा भाव, बिलाची तारीख, सण आणि तुझ्या वस्तूचा खप एका वहीत शेजारी-शेजारी लिही. पुढच्या महिन्यात खप वाढेल की घटेल याचा अंदाज आधी लिहायचा आणि मग खरा आकडा त्याच्यापुढे मांडायचा. अंदाज चुकला तर पाऊस, पीक, बिल, सण यांतलं काय बघायचं राहिलं ते शोध. असं एक वर्ष काढलंस, तर नोकरीच्या मुलाखतीत ‘मला भारताचा बाजार कळतो’ असं सांगायची गरज पडणार नाही. ती वही पुढे ठेव आणि बोलायला लाग.

तुझा,
मामा